व्यसनमुक्ती केंद्रात जाण्यापूर्वी: बारा पायऱ्यांचा मला काय उपयोग?

'ताई, मी 22 वर्षांचा आहे, नाशिकला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षांत दारू रोजची झाली. सकाळी हात थरथरतात, घोटभर घेतली की थांबतात. येत्या सोमवारी आईबाबा मला व्यसनमुक्ती केंद्रात दाखल करणार आहेत. तिथे एएच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस या संघटनेच्या, बारा पायऱ्या शिकवतात. एका मीटिंगला जाऊन आलो, तर सगळे पन्नाशीचे काका. कोणाचे यकृत गेलेले, कोणाचा संसार मोडलेला. माझे तसे काही झालेले नाही. शिवाय मी देव मानत नाही. महिनाभर आत राहिलो की पुरे ना?'

प्रिय मित्रा,

सर्वांत आधी सोमवारपर्यंतच्या दिवसांविषयी. सकाळी हात थरथरणे आणि प्यायल्यावर ते थांबणे ही शरीर दारूवर अवलंबून असल्याची खूण आहे. अशा अवस्थेत 'नाहीतरी जायचेच आहे, मग आजपासूनच बंद' असे ठरवून घरच्या घरी एकाएकी दारू तोडलीस, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो आणि प्रसंगी ते जिवावरही बेतू शकते. म्हणून उद्याच डॉक्टरांना गाठ आणि रोज किती पितोस तो आकडा, आई शेजारी बसलेली असली तरी, खरा सांग. हे काम औषधांचे आहे. पायऱ्यांची पाळी त्यानंतर येते. पुढे मीटिंगमध्ये कोणी मानसोपचाराच्या गोळ्या सोडायला सांगितल्या, तर मुळीच ऐकू नकोस. सभासदांनी डॉक्टरकी करू नये, असे एएच्याच पुस्तिकेत म्हटले आहे.

'माझे तसे काही झालेले नाही' असे तू लिहितोस आणि थरथरणारे हातही त्याच पत्रात आहेत. पहिली पायरी एवढेच मान्य करायला सांगते, की दारूपुढे आपले काही चालत नाही आणि आयुष्य आपल्या हाताबाहेर गेले आहे. त्यासाठी यकृत जाईपर्यंत थांबावे लागत नाही. सभासद होण्यासाठीसुद्धा दारू सोडण्याची इच्छा पुरते. त्या काकांना एकदा विचारून पाहा, की तुम्ही बाविसाव्या वर्षी किती पीत होता आणि तेव्हा स्वतःविषयी काय म्हणत होता. तरीही समवयस्कांची तुझी अपेक्षा रास्तच आहे. अमेरिकेत तरुण रुग्णांवर झालेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या काळात आपल्या वयाची माणसे असलेल्या मीटिंगचा अधिक लाभ झालेला दिसला. पुढे तो फरक ओसरत गेला. तेव्हा तरुण मुले येतात अशी मीटिंग अवश्य शोध, मात्र ती मिळेपर्यंत घरी बसून राहू नकोस.

देवाचे म्हणशील, तर पायऱ्यांची भाषा धार्मिक आहे हे मी नाकारणार नाही. 1939 मध्ये त्या छापल्या गेल्या, तेव्हा देव मानणाऱ्यांचा आणि न मानणाऱ्यांचा वाद झालाच होता, आणि 'आम्हाला उमगलेला देव' अशी मोकळीक त्यातूनच आली. पायऱ्यांत 'आपल्याहून मोठी शक्ती' असेही शब्द आहेत, आणि अनेक नास्तिक सभासद आपल्या गटालाच ती शक्ती मानतात. हेही तुला पटले नाही, तर तसे समुपदेशकांना स्पष्ट सांग. वर्तनोपचारासारखे दुसरे शास्त्रीय मार्ग आहेत आणि पायऱ्या हाच एकमेव रस्ता असल्याचा काही मंडळींचा हट्ट मला मान्य नाही.

आता महिनाभराचे. अमेरिकेतील एका निवासी केंद्रात दाखल झालेल्या 18 ते 24 वयाच्या 303 मुलामुलींचा पुढे वर्षभर मागोवा घेतला गेला. मीटिंगला जाणाऱ्यांचे, आणि त्यातही स्वतः बोलणाऱ्यांचे व स्पॉन्सरच्या, म्हणजे आधी सावरलेल्या अनुभवी सोबत्याच्या, संपर्कात राहणाऱ्यांचे परिणाम अधिक चांगले होते. दुसऱ्या एका अभ्यासात असे दिसले, की तरुणांना एएचा जो फायदा होतो, त्यात पिणाऱ्या मित्रांचा गोतावळा कमी होणे आणि चारचौघांत नाही म्हणता येण्याचा विश्वास वाढणे यांचा वाटा असतो. तुझ्या बाबतीत मला हेच सर्वांत महत्त्वाचे वाटते. केंद्रात दारू मिळत नाही, त्यामुळे तिथे न पिणे तुलनेने सोपे असते. बाहेर आल्यावर पहिल्याच शनिवारी सातच्या सुमारास रूमवरच्या मुलांचा 'आलास का? एकच बिअर' असा फोन येईल, आणि त्या क्षणी तुला मोकळी संध्याकाळ मिळता कामा नये. म्हणून केंद्रातून निघण्यापूर्वीच घराजवळची मीटिंग कोणत्या वारी, किती वाजता असते ते लिहून घे, स्पॉन्सर नक्की कर आणि प्यावेसे वाटत नसतानाही त्याला एकदोनदा फोन करून ठेव, म्हणजे खरी गरज पडेल तेव्हा संकोच आड येणार नाही.

पायऱ्या भराभर उरकण्याचा मोह मात्र टाळ. चौथ्या पायरीत स्वतःच्या वागण्याचा लेखी झाडा घ्यायचा असतो, आणि दुखावलेल्या माणसांची भरपाई थेट नवव्या पायरीत येते. घरी परतताच बाबांचे पाय धरून रडणे म्हणजे ती पायरी नव्हे. ज्या मित्राचे पैसे उडवलेस, त्याचे पैसे परत करणे तिच्या अधिक जवळ जाते.

वाटेत एखाद्या दिवशी प्यायलास, तर दुसऱ्याच दिवशी मीटिंगला जाऊन ते सांग. सगळे संपल्यासारखे तोंड लपवू नकोस. आईबाबांना अल्-अॅनॉनच्या, म्हणजे मद्यपींच्या नातेवाइकांसाठीच्या मीटिंगला जायला सुचव. आणि सोमवारी केंद्रात पाऊल ठेवताच तीन गोष्टी विचार: रात्री डॉक्टर असतात का, एएचे सभासद आत येऊन भेटतात का, आणि केंद्रातून बाहेर पडल्यानंतरचा फॉलोअप कधी असतो. मधल्या दिवसांत काही अडलेच, तर 14446 या राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन कर. फिट आली किंवा भास होऊ लागले, तर मात्र फोनवर वेळ न घालवता थेट रुग्णालय गाठ.

तुझी,
ताई