चार दिवस, एक प्रवाळबेट आणि कॅमेरा : वाचकांचे प्रश्न

छोट्या सुट्टीत डायव्हिंग आणि पाण्याखालची फोटोग्राफी दोन्ही जमवू पाहणाऱ्यांची पत्रं या वेळी जास्त आली. बहुतेकांनी कॅमेऱ्याबद्दल विचारलंय. उत्तरं मात्र फिरून फिरून बुडण्यासाठी कमरेला बांधायच्या वजनांवर आली, त्याला इलाज नाही.

प्रश्न : चार रात्रींची सहल आहे. परतीचं विमान पाचव्या दिवशी सकाळी ९ वाजता. रोज तीन-तीन डाइव्ह करून सहल वसूल करावी, असा मित्राचा आग्रह आहे. जमेल का?

आखणी परतीच्या विमानापासून उलटी करत या. अनेक दिवस अनेक डाइव्ह केल्या असतील तर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जाऊ द्यावे लागतात. एकच डाइव्ह केली असेल तर १२. वर येताना सक्तीचे थांबे घ्यावे लागले असतील, तर १८ पेक्षाही जास्त. दाबाखाली रक्तात आणि ऊतींत विरघळलेला नायट्रोजन सावकाश बाहेर पडतो आणि विमानातली हवा साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असते तितकी विरळ असते. घाई केली तर नायट्रोजनचे बुडबुडे सांध्यांत किंवा मज्जारज्जूत त्रास देतात. सकाळी ९ मधून १८ तास वजा केले की चौथ्या दिवशी दुपारचे ३ येतात. बोटी वेळेवर निघत नाहीत हे धरून शेवटची डाइव्ह बाराच्या आत संपवा. ज्वालामुखीच्या बेटावर संध्याकाळी डोंगरमाथ्यावर जायचा बेत असेल, तर तोही याच हिशेबात येतो. उंची ती उंचीच, मग विमानाची असो की घाटाची.

पहिल्या दिवशी एकच उथळ डाइव्ह, तीही कॅमेरा खोलीत ठेवून. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन-दोन, चौथ्या दिवशी सकाळी एक. सहा होतात आणि सहा पुरतात. तिसरी डाइव्ह बहुधा थकलेल्या हातांनी होते, त्यात फोटोही धड येत नाहीत. प्रत्येकाने स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर (खोली, वेळ आणि त्यावरून नायट्रोजनचा हिशेब ठेवणारं यंत्र) सहाही डाइव्हना वापरावा. मधेच अदलाबदल केली तर त्याच्या आकड्यांना काही अर्थ उरत नाही. वर येण्याचा वेग मिनिटाला ९ मीटरच्या आत ठेवा आणि ५ मीटरवर तीन ते पाच मिनिटं थांबा.

नाक चोंदलं असेल तर गोळी घेऊन उतरू नका. गोळीचा असर तळाशी असताना संपला की अडकलेली हवा वर येताना बाहेर पडत नाही आणि कान किंवा कपाळ फुटेल की काय इतकं दुखतं. आणि याच सहलीत ओपन वॉटर कोर्स (नवख्यांचा डायव्हिंगचा पहिला कोर्स) करणार असाल तर कॅमेरा घरीच ठेवा. थिअरी आधी ऑनलाइन उरकली तरी पाण्यातल्या सरावाला तीन-चार दिवस जातात.

प्रश्न : लाल मासा फोटोत राखाडी-निळा आला आणि फोटोभर पांढरे ठिपके आहेत. स्ट्रोब (पाण्याखालचा वेगळा फ्लॅश) घेतला तर दोन्ही सुटेल का?

पहिलं सुटेल. दुसरं वाढूही शकतं, ते स्ट्रोब कुठे लावता यावर.

पाणी आधी लाल रंग गिळतं. पाचेक मीटरवर लाल जवळपास जातो, दहाच्या आसपास नारिंगी, मग पिवळा. मोजायचं असतं ते प्रकाशाचं पाण्यातलं सगळं अंतर, नुसती खोली नव्हे. ५ मीटर खोल असलेला मासा तुमच्यापासून २ मीटरवर असेल, तर प्रकाश ७ मीटर पाणी कापून लेन्सपर्यंत येतो. म्हणून जवळ जा. त्यातही मास्कमधून सगळं पाव अंतराने जवळ दिसतं: हातभर लांब वाटणारी गोष्ट प्रत्यक्षात त्याहून दूर असते. पुरेसं जवळ आलो असं वाटलं की राहिलेलं अंतर आणखी निम्मं करा.

दिव्याशिवाय काम करायचं तर १० मीटरच्या वर राहा, सूर्य पाठीशी घ्या, रॉ फाइल (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली) काढा आणि पांढऱ्या पाटीवर व्हाइट बॅलन्स, म्हणजे पांढरं पांढरंच दिसेल असा रंगांचा तोल, स्वतः लावा. खोली तीन-चार मीटरने बदलली की पुन्हा लावा. हे विसरलं जातं आणि मग निम्मे फोटो गुलाबी येतात. लाल फिल्टर साधारण ५ ते १५ मीटरच्या पट्ट्यात कामाचा. त्याहून वर सगळं नारिंगी होतं, खाली प्रकाशच पुरत नाही. स्ट्रोबबरोबर लाल फिल्टर कधीही नको.

ठिपके म्हणजे लेन्स आणि विषय यांच्या मधल्या पाण्यात तरंगणारे कण. त्या मधल्या पाण्यावर उजेड पडला की प्रत्येक कण चमकतो. कॅमेऱ्यातला फ्लॅश लेन्सला चिकटून असल्यामुळे सगळ्यात वाईट. स्ट्रोब कॅमेऱ्याच्या हातांवर (जोडलेल्या दांड्यांवर) दोन्ही बाजूंना लांब पसरा, हाउसिंगच्या (कॅमेऱ्याच्या जलरोधक पेटीच्या) मुठीच्या रेषेत किंवा जरा मागे घ्या आणि तोंडं किंचित बाहेर वळवा. उजेडाच्या झोताची फक्त कड विषयाला लागली पाहिजे. नवखा माणूस दोन्ही स्ट्रोब माशावर रोखतो, तिथेच बिघडतं.

सुरुवातीला हे आकडे धरा. जवळच्या छोट्या विषयाला शटर १/१६०, एफ/११ (कॉम्पॅक्टला एफ/८), आयएसओ १०० किंवा २००, स्ट्रोब निम्म्या ताकदीवर. रुंद दृश्याला १/१२५, एफ/८, आयएसओ २०० ते ४००. रुंद दृश्यात आधी स्ट्रोब बंद ठेवून नुसत्या पाण्याचा निळा मनासारखा करून घ्या, मग स्ट्रोब लावून पुढचा विषय उजळवा. उलट क्रमाने केलं तर मागचं पाणी काळं येतं.

एवढं करूनही ठिपके राहिले तर मागे वळून आपल्या फिन्सकडे (पायातल्या वल्ह्यांकडे) बघा. गाळ बहुधा तुम्हीच उडवलेला असतो.

प्रश्न : गाइड म्हणतो मी प्रवाळांना लाथा मारते. मला तर काहीच लागल्याचं जाणवत नाही. आणि फोटो काढताना एका हाताने कशालातरी धरल्याशिवाय स्थिर कसं राहायचं?

जाणवणार नाहीच, कारण फिनच्या टोकाला स्पर्श कळत नाही. दहापैकी आठ वेळा दोष जादा वजनाचा असतो. वजन जास्त असलं की तोल राखायला बीसीडीत (हवा भरता-सोडता येणाऱ्या जाकिटात) जास्त हवा भरावी लागते. ती हवा दर मीटरला फुगते-आक्रसते, म्हणून माणूस वर-खाली हिंदकळतो. कमरेला वजन आणि छातीशी हवा, म्हणून पाय खाली लोंबतात. मग प्रत्येक लाथ सरळ तळाला. प्रवाळाचा फाटा तुटला नाही तरी उडालेली वाळू प्रवाळावर बसते आणि ती झटकायला त्याला ताकद खर्चावी लागते.

तपासणी अशी: डाइव्ह संपताना टाकीत ५० बार (हवेच्या दाबाचं माप) उरले असताना पृष्ठभागावर उभे तरंगा, बीसीडी पूर्ण रिकामी करा, नेहमीएवढा श्वास घेऊन क्षणभर थांबा. पाणी डोळ्यांच्या रेषेत आलं पाहिजे आणि श्वास सोडल्यावर सावकाश बुडायला हवं. दगडासारखे गेलात तर एक-एक किलो काढत जा. भरल्या टाकीने तपासत असाल तर वर २ किलो वाढवा: ११ लिटरच्या टाकीत २०० बारला अडीच किलोच्या आसपास हवा असते, त्यातली बरीचशी तुम्ही वापरून टाकता आणि टाकी हलकी होते. ३ मिलिमीटरच्या सूटऐवजी ५ चा घातला, तर सगळं पुन्हा. पाय तरीही लोंबत असतील तर पट्ट्यातलं एक-दोन किलो टाकीच्या वरच्या पट्ट्यावर चढवा आणि वर-खाली लाथांऐवजी बेडकासारखी किक शिका.

परीक्षा सोपी आहे. वाळूवर, ५ मीटरवर, हात छातीशी बांधून पाच मिनिटं एका जागी आडवं तरंगता आलं की कॅमेरा घ्या. कॅमेऱ्याच्या हातांना फ्लोट लावून त्याचं पाण्यातलं वजन शे-दोनशे ग्रॅमवर आणा, नाहीतर तो मनगट खाली ओढतो आणि तुम्ही पुन्हा पायांनी सावरायला जाता.

धरायचं काय, तर काहीच नाही. प्रवाहाकडे तोंड करून विषयाकडे सरका, फोटो झाला की मागच्या मागे निघा. जागा इतकी अरुंद असेल की मागे निघता येणार नाही, तर तो फोटो तुमचा नव्हे. कॅरिबियनमधल्या बोनेअर बेटाच्या सागरी उद्यानात हातमोज्यांना बंदी आहे ती याचसाठी: उघडा हात असला की माणूस धरण्याआधी विचार करतो. फांद्यांची प्रवाळं वर्षाला फार तर १० सेंटिमीटरच्या आसपास वाढतात, गोलसर दगडी प्रवाळं तर बहुधा एक-दोन सेंटिमीटरसुद्धा नाही. मुठीएवढा तुकडा तुटला तरी हिशेब वर्षांचा आहे.

समुद्रघोड्याला काडीने वळवून कॅमेऱ्याकडे तोंड करायला लावणारे गाइड भेटतात. तळाच्या माशांवरच्या चाचण्यांत फ्लॅशपेक्षा हा काडीचा छळच जास्त घातक दिसला. दोन-तीन फोटो काढा, वळला नाही तर पाठीचा फोटो घेऊन निघा.

प्रश्न : हाउसिंगमध्ये पाणी शिरलं. ओ-रिंगला (झाकणाच्या खाचेतल्या रबरी कड्याला) भरपूर ग्रीस लावलं होतं!

ग्रीस पाणी अडवत नाही. ते रिंग मऊ आणि सरकती ठेवतं, पाणी अडवते ती दाबली गेलेली रिंग. जाड ग्रीसला वाळू आणि केस चिकटतात. रिंग बोटांनी काढा (टोकदार काहीही नको), उजेडात धरून बोटांतून फिरवा, खाच लिंट न सोडणाऱ्या कापडाने पुसा. पापणीचा एक केस आडवा पडला तरी त्याच्या दोन्ही बाजूंनी पाणी शिरतं. ग्रीस इतकंच की रिंग चकाकेल, गोळा दिसणार नाही. ग्रीस हाउसिंगच्याच कंपनीचं घ्या, काही सिलिकॉन रिंगा दुसऱ्या ग्रीसने फुगतात.

गळती बहुधा उथळ पाण्यातच सुरू होते, कारण झाकण घट्ट दाबायला तिथे पुरेसा दाब नसतो. म्हणून बोटीवरून कॅमेरा घेऊन उडी मारू नका, खाली उतरल्यावर हातात मागून घ्या. पहिल्या डाइव्हला रिकामं हाउसिंग आत टिश्यू ठेवून न्या. टिश्यू कोरडा आला तरच दुसऱ्या दिवशी कॅमेरा घाला. हाउसिंग वातानुकूलित खोलीत बंद करा आणि उतरेपर्यंत सावलीत ठेवा. दमट हवेत बंद केलं तर पाण्याच्या गारव्याने काच आतून धुकाळते.

पाणी दिसलंच तर लेन्सचं तोंड खाली करा म्हणजे पाणी पोर्टमध्ये (लेन्ससमोरच्या काचेच्या भागात) साचेल, आणि नेहमीच्याच वेगाने वर या. कॅमेऱ्यासाठी घाई करून फुप्फुसं पणाला लावू नका. वर आल्यावर तोंड लांब ठेवून उघडा, बॅटरीतून वायू झालेला असू शकतो. बॅटरी काढा आणि सुरू होतो का ते बघायचा मोह आवरा.

विमानप्रवासात लिथियम बॅटऱ्या केबिनच्या पिशवीत, टोकं झाकून. १०० वॉट-तासांवरच्या बॅटरीला विमान कंपनीची परवानगी लागते.

प्रश्न : "रीफ-सेफ" (प्रवाळाला निर्धोक) लिहिलेलं सनस्क्रीन घेतलं की झालं ना?

त्या शब्दांना सर्वमान्य कायदेशीर व्याख्या नाही, मागची घटकांची यादी वाचा. ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट ही ऊन अडवणारी रसायनं असलेल्या सनस्क्रीनची विक्री हवाईने १ जानेवारी २०२१ पासून थांबवली. पॅसिफिकमधल्या पलाऊ या देशाने त्याच्या एक वर्ष आधी, दहा घटकांची यादी करून बंदी घातली. पण प्रवाळाचा सगळ्यात मोठा शत्रू तापलेलं पाणी आहे, ट्यूब नव्हे. लांब बाह्यांचा रॅशगार्ड आणि पोहण्याच्या लेगिंग्ज घाला, मग क्रीम चेहरा आणि हातांपुरतं लागतं. ते नॅनो नसलेल्या झिंक ऑक्साइडचं घ्या.

प्रश्न : बोटवाला निवडताना पर्यावरणाच्या दृष्टीने काय विचारावं?

बोट नांगर टाकते की कायमच्या बोयाला (तळाशी पक्क्या बांधलेल्या तरंगत्या खुणेला) बांधते, हे पहिलं. नांगराची साखळी वाऱ्याबरोबर फिरते आणि प्रवाळाचं आख्खं वर्तुळ खरवडते. मग एका गाइडमागे किती डायव्हर, आणि माशांना खाऊ घालतात का. "हो, घालतो की!" असं अभिमानाने उत्तर आलं तर दुसरीकडे जा. गर्दी काय करते ते थायलंडच्या माया बेमध्ये दिसलं: जून २०१८ मध्ये ती बंद करावी लागली आणि जानेवारी २०२२ मध्ये उघडली तेव्हा बोटींना समोरून आत यायला मनाई झाली.

प्रश्न : चारी बाजूंना समुद्र, पाऊसही भरपूर, तरी बेटावरच्या खोलीत "पाणी जपून वापरा" अशी पाटी का असते?

सपाट प्रवाळबेटाखालचं गोडं पाणी म्हणजे पावसाचं मुरलेलं पाणी. ते खाऱ्या पाण्यावर भिंगासारखं तरंगतं. समुद्रसपाटीच्या वर गोड्या पाण्याची पातळी १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटर गोडं पाणी असतं. हिशेब उलटाही चालतो: विहिरीतून उपसून वरची पातळी अर्धा मीटर उतरली, तर खालून खारं पाणी वीसेक मीटर वर येऊ पाहतं. एकदा खारावलेली विहीर गोडी व्हायला बरेच पावसाळे जावे लागतात.

आणि तुम्ही वापरलेलं पाणी जातं कुठे? शोषखड्ड्यातून सच्छिद्र चुनखडीत, तिथून थेट लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाने वेढलेल्या उथळ पाण्यात. त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवर शेवाळ माजतं आणि प्रवाळावर चढतं. त्यामुळे डाइव्हनंतर कॅमेरा वाहत्या नळाखाली धरू नका. बादलीत अर्धा तास बुडवा, बटणं पाण्यातच दाबून मीठ सोडवा. तसा तो जास्त स्वच्छही होतो.

प्रश्न : जिथे जायचं आहे तिथलं प्रवाळ पांढरं पडलंय म्हणे. जावं का? आणि किनाऱ्यावर पडलेला मेलेला तुकडा आणला तर चालेल ना?

जा, पण पांढरं म्हणजे मेलेलं असं धरू नका. नेहमीच्या कमाल उन्हाळी तापमानापेक्षा पाणी अंशभर जरी जास्त काही आठवडे राहिलं, तर प्रवाळ आपल्यातली सूक्ष्म शैवाळं बाहेर टाकतं आणि पातळ कातडीतून आतला चुना दिसतो. ते जिवंत असतं, उपाशी असतं. पाणी लवकर निवलं तर सावरू शकतं. त्यावर हिरवट-तपकिरी लव चढली की मात्र तो भाग गेला. एप्रिल २०२४ मध्ये चौथी जागतिक विरंजन (प्रवाळ पांढरं पडण्याची) घटना जाहीर झाली, तेव्हा असे फोटो आता दुर्मीळ नाहीत, पण नीट काढलेले दुर्मीळच. तारीख, खोली आणि मोजपट्टी फोटोत येऊ द्या, रंग फिल्टरने सुधारू नका, तीच वसाहत दोन बाजूंनी घ्या. क्वीन्सलंड विद्यापीठाच्या कोरलवॉच उपक्रमाचं रंगांचं कार्ड मिळालं तर वसाहतीचा सगळ्यात फिका आणि सगळ्यात गडद भाग त्याच्याशी ताडून आकडे लिहून ठेवा. अशक्त प्रवाळाला त्या दिवसांत गाळही सोसत नाही, म्हणून नेहमीपेक्षा मीटरभर वर तरंगा.

तुकडा आणू नका. दगडी प्रवाळं साइटीस कराराच्या (धोक्यातल्या वन्य जिवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, परवान्याशिवाय सीमाशुल्कात अडकाल. शंखही तिथेच ठेवा. ज्याला तुम्ही रिकामा समजताय, तो एखादा संन्यासी खेकडा रात्री घर म्हणून घेईल.