वाचकांचे प्रश्न : मूलपेशी संशोधन, कॅथॉलिक चर्च आणि अर्धी राहिलेली बातमी

प्रश्न : कॅथॉलिक चर्चचा मूलपेशी (स्टेम सेल) संशोधनाला विरोध आहे, असे अमेरिकेतील आणि युरोपातील बातम्यांत मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. मात्र एका परिचितांचे म्हणणे असे, की चर्च या संशोधनाला पाठिंबा देते, त्यासाठी पैसेही देते, आणि ही गोष्ट प्रसारमाध्यमे मुद्दाम दडवतात. यातले खरे काय मानावे?

उत्तर : आपल्या परिचितांचे पहिले विधान खरे आहे. दुसऱ्यातही तथ्य आहे. फक्त ‘मुद्दाम’ म्हणायला मी तयार नाही. जे घडत आले ते कटकारस्थानापेक्षा साधे, पण माझ्या मते तितकेच नुकसानकारक आहे.

मूलपेशी, म्हणजे ज्यांपासून शरीरातील वेगवेगळ्या प्रकारच्या पेशी तयार होऊ शकतात अशा पेशी, एकाच ठिकाणाहून मिळत नाहीत, हे आधी लक्षात घ्यावे लागेल. अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठात जेम्स थॉमसन यांनी १९९८ मध्ये मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या काढून त्या प्रयोगशाळेत वाढवून दाखवल्या. त्या मिळवण्यासाठी काही दिवसांचा भ्रूण नष्ट करावा लागतो आणि चर्चचा आक्षेप नेमका तेथे आहे, कारण त्याच्या शिकवणीनुसार मानवी जीवनाचे रक्षण गर्भधारणेच्या क्षणापासून झाले पाहिजे. अस्थिमज्जा, नाळेतील रक्त किंवा शरीरातील अन्य ऊतींमधून मिळणाऱ्या, म्हणजे सामान्यतः ‘प्रौढ’ म्हटल्या जाणाऱ्या मूलपेशींसाठी कोणाचाही जीव घ्यावा लागत नाही. त्यांच्यावरील संशोधनाला चर्चने कधी आडकाठी केलेली नाही.

ही भूमिका टीका झाल्यावर घाईघाईने उभी केलेली नाही. पोप दुसरे जॉन पॉल यांनी २९ ऑगस्ट २००० रोजी रोम येथे अवयव प्रत्यारोपण तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत भाषण केले. मानवी क्लोनिंग आणि भ्रूणांचा वापर नाकारताना त्याच भाषणात त्यांनी प्रौढांच्या शरीरातून घेतलेल्या मूलपेशींचा मार्ग धरावा, असे स्पष्टपणे सांगितले होते. सप्टेंबर २००६ मध्ये पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी मूलपेशींवरील परिषदेसाठी जमलेल्या शास्त्रज्ञांना व डॉक्टरांना भेटीला बोलावले. चर्चवर असंवेदनशीलतेचा जो आरोप वारंवार होतो तो अन्यायाचा आहे आणि रोग बरे करू पाहणाऱ्या संशोधनाला चर्चने सातत्याने साथ दिली आहे, असे त्यांनी तेथे सांगितले. डिसेंबर २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्हॅटिकनच्या जैवनैतिक दस्तऐवजातही हाच भेद शब्दांत मांडलेला आहे.

पैशांविषयी म्हणाल, तर सर्वांत बोलके उदाहरण दक्षिण कोरियाचे आहे. मानवी भ्रूणाच्या क्लोनिंगचा दावा करणारे ह्वांग वू-सुक २००५ मध्ये तेथे राष्ट्रीय नायक झाले होते आणि त्यांच्यावर शंका घेणे म्हणजे देशाच्या प्रगतीच्या आड येणे असे वातावरण होते. अशा वेळी, त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये, सोलच्या कॅथॉलिक महाधर्मप्रांताने प्रौढ मूलपेशींच्या संशोधनासाठी १० अब्ज वॉन देण्याची घोषणा केली. पुढच्या काही आठवड्यांत ह्वांग यांची लबाडी उघडी पडली आणि जानेवारी २००६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकाने त्यांचे दोन्ही शोधनिबंध मागे घेतले. ह्वांग यांचा उदय आणि अस्त जगभर पहिल्या पानावर गाजला. त्याच शहरात, त्याच काळात दुसऱ्या वाटेसाठी उभा केलेला निधी किती वाचकांना ठाऊक आहे?

असे का होते? एक कारण मथळ्याच्या जागेत आहे. ‘भ्रूणीय’ हे विशेषण गाळले की ‘चर्चचा मूलपेशी संशोधनाला विरोध’ असे आटोपशीर वाक्य तयार होते, आणि ते खोटे असते. अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी ९ ऑगस्ट २००१ रोजी केंद्र सरकारचा निधी आधीच तयार असलेल्या भ्रूणीय पेशीमालिकांपुरता (प्रयोगशाळेत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या संचांपुरता) मर्यादित केला; खासगी पैशाने किंवा राज्यांच्या पैशाने होणाऱ्या संशोधनावर त्यांनी बंदी घातली नव्हती. तरीही ‘मूलपेशी संशोधनावरील बंदी’ हा शब्दप्रयोग पुढे रूढ झाला. दुसरे कारण अधिक खोलवर आहे. संघर्षाची बातमी होते, पाठिंब्याची होत नाही. पोप ‘नको’ म्हणाले तर वार्ताहर धावतात. ‘हे करा’ म्हणाले तर ते वाक्य बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात जाते आणि जागा कमी पडली की कापले जाते. शिवाय प्रौढ मूलपेशींचा सर्वांत यशस्वी उपयोग, म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण, इतका जुना झाला आहे की त्याला कोणी मूलपेशींचा उपचार म्हणतही नाही. त्या कामासाठी डॉनल थॉमस यांना १९९० मध्येच नोबेल पारितोषिक मिळाले. कोरियातील दुसऱ्या व्यक्तीची अस्थिमज्जा वापरून केलेले पहिले यशस्वी प्रत्यारोपण १९८३ मध्ये झाले, तेही सोलमधील कॅथॉलिक वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात.

एक प्रसंग बारकाईने पाहण्यासारखा आहे. ऑगस्ट २००६ मध्ये ‘नेचर’ने अमेरिकेतील एका जैवतंत्रज्ञान कंपनीचा शोधनिबंध प्रसिद्ध केला आणि भ्रूणाला इजा न करता मूलपेशी मिळवता येतात, अशा बातम्या जगभर झळकल्या, आता चर्चच्या आक्षेपाला जागाच उरली नाही, असाही सूर निघाला. प्रत्यक्षात त्या प्रयोगात वापरलेल्या १६ भ्रूणांपैकी एकही वाचला नव्हता. एकेका भ्रूणातून एकच नव्हे, तर अनेक पेशी काढून घेतल्या होत्या. एकच पेशी काढून भ्रूण जगवता येईल, हे शक्यता म्हणून मांडलेले होते. ही विसंगती जाहीरपणे दाखवून देणाऱ्यांत अमेरिकन बिशपांच्या परिषदेचे रिचर्ड डोअरफ्लिंगर पुढे होते. त्यांनी निबंध वाचला होता. बातम्या लिहिणाऱ्या अनेकांनी केवळ प्रसिद्धिपत्रक वाचले होते. ‘नेचर’ला नंतर आपले प्रसिद्धिपत्रक दुरुस्त करावे लागले. ज्या पक्षाला विज्ञानविरोधी ठरवले जात होते, त्याच पक्षाने मूळ निबंधातील आकडे तपासले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते.

तरीही दोष एकाच बाजूला देणे योग्य होणार नाही. भ्रूणीय संशोधनाच्या काही विरोधकांनी प्रौढ मूलपेशींनी ६५ रोगांवर उपचार होतात अशी यादी फिरवली, आणि कॅथॉलिक प्रचारसाहित्यातही असे आकडे उत्साहाने वापरले गेले. जुलै २००६ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी ‘सायन्स’मध्ये पत्र लिहून दाखवून दिले, की सर्व चाचण्या पार करून मान्यता मिळालेले उपचार त्यांपैकी फक्त नऊ रोगांसाठी उपलब्ध आहेत. व्हॅटिकनने २०१० मध्ये प्रौढ मूलपेशींवर काम करणाऱ्या एका अमेरिकी कंपनीशी करार करून १० लाख डॉलर देऊ केले. मात्र त्या सहकार्यातून २०१३ मध्ये भरलेल्या परिषदेत रुग्णांच्या आशांना अवास्तव खतपाणी घातले गेले, अशी टीका ‘नेचर’च्या संपादकीयाने केली. ती टीका पक्षपाती म्हणून झटकून टाकता येणार नाही. असाध्य आजाराने खचलेल्या माणसाला वाढवून सांगितलेला आकडा कोणाच्याही तोंडून आला तरी तितकीच इजा करतो.

प्रश्न : पुढील संशोधनाने चर्चची भूमिका वैज्ञानिकदृष्ट्या बरोबर ठरवली, असे म्हणता येईल का?

उत्तर : नाही, आणि चर्चच्या समर्थकांनी हा मोह टाळावा. जपानच्या शिन्या यामानाका यांनी २००६ मध्ये उंदराच्या आणि २००७ मध्ये माणसाच्या साध्या पेशींना भ्रूणीय पेशींसारखे गुण मिळवून दिले, त्याबद्दल त्यांना २०१२ चे नोबेल मिळाले, आणि चर्चने या वाटेचे स्वागत केले, हे सर्व खरे आहे. पण कोणती जनुके निवडायची हे यामानाकांना भ्रूणीय मूलपेशींच्या अभ्यासातूनच कळले होते. २००६ च्या प्रसंगातील त्याच कंपनीने पुढे भ्रूणीय मूलपेशींपासून बनवलेल्या दृष्टिपटलाच्या पेशी रुग्णांच्या डोळ्यांत सोडल्या आणि पहिल्या दोन रुग्णांवरील निरीक्षणे २०१२ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. चर्चचा आक्षेप उपचार चालतो की नाही यावर कधीच उभा नव्हता. उपचार उद्या शंभर टक्के यशस्वी झाला तरी तो तसाच राहील. म्हणून या विषयावर लिहिणाऱ्या वार्ताहराने चर्चला नेमके काय अमान्य आहे, काय मान्य आहे आणि कशासाठी पैसे दिले आहेत, या तिन्ही गोष्टी एकाच बातमीत द्याव्यात, एवढीच मागणी वाचकाने करावी.