भरपूर पाणी, स्वच्छता आणि वेळेवर डॉक्टर एवढं पाळलं की कुणीही निरोगी राहतं. मग आरोग्यात गरिबी, जात, बाई-पुरुष हे कुठून येतं?

तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी मी रोज वीस वेळा लोकांना सांगते, कारण मी पुण्यात नर्स आहे. पण माझे आईवडील बीड जिल्ह्यातले ऊसतोड कामगार. या तिन्हींतली एकही गोष्ट माझ्या आईला हंगामात जमत नव्हती. कशी, ते सांगते.

आधी पाणी. दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळी निघायची. कधी सांगली-कोल्हापूर, कधी थेट बेळगावकडे. परत यायचं ते कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलात. मधले पाच-सहा महिने कोपीत. कोपी म्हणजे काठ्या, पाचट आणि वरून ताडपत्री. आत वाकूनच शिरायचं. संडास-मोरी काही नाही. आंघोळ पहाटे अंधारात, काठ्यांना लुगडं गुंडाळून केलेल्या आडोशाला. दिवसा फडात सगळीकडे पुरुष माणसं, आणि ऊस तुटत जाईल तसा आडोसाही संपत जातो. म्हणून आई पाणीच पीत नव्हती. "पेलं की जावं लागतं," एवढंच तिचं म्हणणं. लघवीची जळजळ तिला आजार वाटायची नाही, हंगामातलीच एक गोष्ट वाटायची.

स्वच्छतेचं म्हणाल तर पाळीचा कपडा धुवायला पाणी लांबून आणायचं आणि तो वाळवायचा कोपीच्या आत, दुसऱ्या कपड्याखाली, कुणाला दिसू नये म्हणून. ऊन लागायचंच नाही. आमच्या टोळीत वंजारी, मराठा, बंजारा, दलित सगळे होते, ऊस सगळे सारखाच तोडायचे. तरी दलितांच्या कोप्या जरा अंतर राखून असायच्या आणि पाण्याला त्यांचा नंबर शेवटी लागायचा. तिथल्या बायकांच्या वाट्याला माझ्या आईपेक्षाही कमी पाणी यायचं. जातीचं विचारलंत म्हणून लिहिलं.

आता डॉक्टर. इथे थोडा हिशेब समजून घ्यावा लागेल. ऊसतोडीत मजूर मोजत नाहीत, कोयता मोजतात. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादम उचल देतो ती त्या जोडीला, हंगामाच्या आधी, आणि मग ती हंगामभर तोडून फेडायची. एक दिवस कामावर गेलं नाही तर खाडा. हल्ली खाड्याचे एकेकाचे पाचशे रुपये तरी धरतात, कुठे जास्तही. बाई आजारी पडली तर एकटा नवरा तोडणार, बांधणार आणि मोळी वाहणार कशी? म्हणून बऱ्याचदा खाडा दोघांचाही पडतो. शिवाय मजुरी बुडाली ती वेगळीच. डॉक्टरची फी यात सगळ्यात छोटी रक्कम असते.

तर आईला पांढरं जायचं, ओटीपोटात दुखायचं, पाळीत अंगावरून फार जायचं. तीस-चाळीस किलोची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकला लावलेल्या फळीवरून चढणाऱ्या बाईला हे झालं तर नवल नाही. ती दुखणं घेऊन गावी यायची आणि मगच तालुक्याला दाखवायची. एका खाजगी डॉक्टरने सोनोग्राफी केली आणि सांगितलं, पिशवी काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. कॅन्सरची तपासणी केली होती का? नव्हती. आई तेव्हा 31 वर्षांची. पस्तीस हजार रुपये मुकादमाने दिले, पुढच्या हंगामाच्या उचलीत धरून. मी आजीजवळ गावातच असायचे. आजी शेजारणीला म्हणाली ते मला आठवतं, "बरं झालं, आता पाळी नाही अन् खाडा नाही."

हे एकट्या माझ्या आईचं नव्हतं. 2019 मध्ये बीडच्या या ऑपरेशनांची ओरड झाली, तेव्हा सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली, त्यातल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहाजणींत एक. देशभरात 15 ते 49 वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण साधारण तीन टक्के आहे. बीडच्या बायकांच्या शरीरातच काही वेगळं असतं, असं तर कुणी म्हणणार नाही ना?

माझी वहिनी पुण्यात एका ऑफिसात काम करते. तिलाही चौतिसाव्या वर्षी अंगावरून खूप जायला लागलं. पगारी रजा, दोन डॉक्टरांचं मत, सहा महिने गोळ्या, मधूनमधून तपासणी. पिशवी जागेवर आहे आणि ती बरी आहे. तक्रार एकच, घर एकच. फरक इतकाच की वहिनीला थांबून वाट बघणं परवडलं. आईची पन्नाशी उलटली नाही तोच कंबर आणि गुडघे गेले. इतक्या लहान वयात पिशवी काढली, त्यातही अंडाशयं गेली, की हाडं लवकर ठिसूळ होतात, हे मला नर्सिंगला गेल्यावर कळलं.

सवयींना काहीच अर्थ नाही असं मी म्हणत नाही. तंबाखू, मिसरी यांनी आमच्याकडे कमी नुकसान केलेलं नाही. पण 1967 साली इंग्लंडमध्ये सरकारी नोकरांचा एक मोठा अभ्यास सुरू झाला, व्हाइटहॉलचा. सगळ्यांना कायमची नोकरी, सगळ्यांना सरकारी दवाखाना. तरी सगळ्यात खालच्या हुद्द्यावरचे लोक वरच्या साहेबांच्या मानाने हृदयविकाराने कितीतरी जास्त मेले. सिगारेट, रक्तदाब वगैरे सगळं हिशेबात धरून बघितलं, तरी फरकाचा मोठा भाग शिल्लक राहिलाच.

आणि कोयत्याला जोडी लागते म्हणून मुलींची लग्नंही लवकर होतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बीडमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्यांचं प्रमाण 40 टक्क्यांच्या वर आहे. सोळाव्या-सतराव्या वर्षी बाळंतपण, त्यात नोंदणी गावच्या आशाताईकडे आणि पोटुशी बाई तीनशे किलोमीटरवर फडात. लोहाच्या गोळ्या कुणी द्यायच्या?

2019 नंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. ते चांगलंच झालं. पण तो लगाम डॉक्टरला आहे. खाड्याला कोण घालणार?

मागच्या वर्षी टोळी निघण्याआधी मी चुलतबहिणीला सरकारी दवाखान्यात दाखवलं, डॉक्टरांनी लिहून दिलेल्या गोळ्या सोबत बांधून दिल्या. फेब्रुवारीत तिचा फोन आला, पुन्हा फार जातंय, जवळच दवाखाना आहे पण कसं जाऊ. मी तिला फोनवरून बाराशे रुपये पाठवले. दोनशे डॉक्टरला लागले. उरलेले हजार खाड्याचे, पाचशे तिचे आणि पाचशे तिच्या नवऱ्याचे.