सहल, वनभोजन की पिकनिक?

प्रश्न असा आलाय की शाळेच्या जुन्या बॅचचा ग्रुप आहे, सगळ्यांनी मिळून एक दिवस कुठेतरी जायचं ठरतंय, आणि निमंत्रणात ‘सहल’ लिहायचं, ‘वनभोजन’ लिहायचं की सरळ ‘पिकनिक’, यावरून ग्रुपवर वाद पेटलाय. एकजण म्हणतोय वनभोजन हे पिकनिकचं ओढूनताणून केलेलं भाषांतर आहे, एकजण म्हणतीये तिन्ही एकच, काहीही लिहा पण तारीख नक्की करा. (तारखेचं तिचं बरोबर आहे.)

तर माझ्या मते तिन्ही एक नाहीत, आणि वनभोजन हे भाषांतर तर अजिबातच नाही. व्युत्पत्तीत शिरायच्या आधी क्रियापदं बघा, म्हणजे निम्मं काम तिथेच होतं. सहल ‘काढतात’, ‘निघते’, ‘जाते’. ‘यंदा शाळेची सहल कुठे गेली?’ असं आपण विचारतो, जणू सहल हीच एक बाई आहे आणि ती पिशवी घेऊन गावाला गेलीये. वनभोजन मात्र कुठे जात नाही, ते ‘असतं’, ‘होतं’ किंवा ‘करतात’, आणि जाणारे आपण, ‘वनभोजनाला’. म्हणजे सहलीत मुख्य गोष्ट जाणं आणि वनभोजनात मुख्य गोष्ट जेवणं, इतकं साधं आहे ते. सहलीला जाऊन उपाशी आलो तरी ती सहलच, पण वनभोजनाला जाऊन न जेवता आलो तर मग त्याला म्हणायचं काय?

आमची शाळा कराडला, आणि तिथे हे दोन शब्द दोन वेगळ्या दिवसांसाठी होते, त्यात कुणाचा गोंधळ होत नव्हता. सहल म्हणजे डिसेंबर-जानेवारीत, एसटीने, पैसे भरून, घरून सही आणून. पन्हाळा-जोतिबा-कोल्हापूर नाहीतर प्रतापगड-महाबळेश्वर, आणि लहान वर्गांना कोयनानगर. पहाटे अंधारात स्वेटर-कानटोपी घालून शाळेच्या गेटपाशी उभं राहायचं, डब्यात तिखटमिठाच्या पुऱ्या आणि शेंगदाण्याची चटणी, खिशात आवळासुपारी नाहीतर लिंबाची फोड कारण घाट लागला की मागच्या सीटवरची पोरं गाणी थांबवून एकदम शांत व्हायची आणि बाई ओळखायच्या की आता पिशवी काढायला पाहिजे.

त्या एसटीच्या काचेमागे पाटी असायची ‘प्रासंगिक करार’. एरवी ‘पाटण’, ‘सातारा’, ‘चिपळूण’ असली सरळ नावं वाचायची सवय, त्यामुळे आमच्या वर्गात बहुतेकांनी ते ‘प्रासंगिक कराड’ असंच वाचलेलं, आणि जो नीट वाचायचा त्याला वाटायचं की पेंटरने ‘ड’ चुकवलाय. यावरून गाडीत भांडणही झालेलं आठवतंय, शेवटी कंडक्टरमामांनी सांगितलं की गाडी भाड्याने ठरवून घेतली की ही पाटी लावतात. एसटीचा अधिकृत शब्द आहे तो, आजही तोच चालतो, आणि शाळेच्या सहलीला याच करारात 50 टक्के सवलत मिळते म्हणून तर लाल गाडी. शब्द म्हणूनही तो बघण्यासारखा आहे, ‘प्रासंगिक’ संस्कृतातला आणि ‘करार’ अरबी-फारसीतून आलेला, दोघं एका पाटीवर गुण्यागोविंदाने बसलेत.

आणि गंमत म्हणजे ‘शैक्षणिक सहल’ हा शब्दसुद्धा नेमका तसाच जोडलेला आहे. सहल हा शब्द वाटतो किती घरचा, पण त्याचं नातं हिंदी-उर्दूतल्या ‘सैर’शी लावतात. सैर मुळात अरबी, म्हणजे चालणं, फिरणं, आणि तिचंच ‘सैल’ हे रूप, म्हणजे फेरफटका. मला हे नातं पटतं, कारण र चा ल होणं यात विशेष काही नाही. (अरबीत ‘सहल’ म्हणजे सोपं असाही शब्द आहे, तो इथे आणून ‘सोपा प्रवास म्हणजे सहल’ असं सांगणारे भेटतात. ऐकायला छान आहे. ज्यांनी 50 पोरं घेऊन आंबेनळी घाट उतरलाय त्या सरांना विचारा सोपा प्रवास काय असतो ते.) बोलताना आमच्याकडे हा शब्द ‘सहाल’ व्हायचा, ‘शाळंची सहाल गेली’, आणि ते ऐकायला जास्त गोड लागायचं. ‘शैक्षणिक’ हे विशेषण मात्र फक्त सूचनाफलकावर, तोंडात कुणाच्याच नाही.

आता वनभोजन. ते पावसाळा सरला की, नाहीतर दिवाळीनंतर, शनिवारची शाळा सोडून त्याऐवजी. गाडी नाही, पैसे नाहीत, चालत जायचं. कोयनेचा पूल ओलांडून आगाशिवच्या डोंगराकडे ओळीने, लेण्यांपर्यंत. आदल्या दिवशी फळ्यावर यादी लिहिलेली असायची की कुणी काय आणायचं, एकाने वाटीभर तांदूळ, दुसऱ्याने डाळ, कुणी कांदे, कुणी दोन बटाटे, कुणी तेलाची बाटली, आणि ज्याच्या घरी गुऱ्हाळ त्याने गूळ. तीन दगड मांडून चूल, मुलांनी जळण गोळा करायचं, शिपाईमामा आणि बाई मिळून मोठ्या पातेल्यात मसालेभात टाकायच्या. सगळ्यांच्या घरचा तांदूळ वेगळा, कुणाचा इंद्रायणी, कुणाचा रेशनचा, तो एकाच पातेल्यात, त्यामुळे अर्धे दाणे शिजून मऊ आणि अर्धे टचटचीत. पण पत्रावळीवर वाढला की कोण बघतंय. आणि हे मुद्दाम सांगतो कारण शब्दाचं मर्म इथेच आहे, त्या पातेल्यात कुणी किती आणलं ते कळत नव्हतं. सहलीला ज्याच्या घरून पैसे यायचे नाहीत तो घरी राहायचा आणि दुसऱ्या दिवशी वर्गात गप्प बसायचा, वनभोजनाला मात्र सगळे असायचे.

म्हणून जेव्हा कुणी म्हणतं की वनभोजन हा पिकनिकला काढलेला प्रतिशब्द आहे, तेव्हा मला हसू येतं. कार्तिकात आवळ्याच्या झाडाखाली जेवायची रीत आहे, आवळीभोजन, तेही वनभोजनच, आणि इंग्रज यायच्या कितीतरी आधीचं. कोकण-गोव्यात कार्तिकात देवस्थानांची वनभोजनं होतात, त्यासाठी हाच शब्द. आणखी मागे जायचं तर गोपाळकाला घ्या, सवंगड्यांनी आपापल्या शिदोऱ्या सोडायच्या आणि सगळं एकत्र करून खायचं. आषाढी पौर्णिमेला पंढरपूरजवळ गोपाळपूरला अजून काला होतो. लातूर, धाराशिव, सोलापूरकडच्या लोकांना विचाराल तर ते म्हणतील आमची येळवस, म्हणजे वेळा अमावस्या, काय वेगळी आहे, मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला अख्खं गाव शेतात, कडब्याची कोप म्हणजे खोपटं, जेवायला भज्जी, आंबील, उंडे, आणि जो रस्त्याने जाईल त्याला हाक मारून जेवायला बसवायचं. वनभोजन हा शब्द ते वापरत नाहीत, गोष्ट तीच. विदर्भातली मंडळी ‘डब्बा पार्टी’ म्हणतात, तीही याच खात्यातली.

पिकनिकचा किस्सा अजून मजेशीर आहे. शब्द फ्रेंचातून इंग्रजीत आला आणि सुरुवातीला त्याचा मोकळ्या हवेशी काही संबंधच नव्हता, प्रत्येकाने आपापला वाटा आणायचा किंवा खर्च वाटून घ्यायचा असं जेवण म्हणजे पिकनिक, भले ते चार भिंतींच्या आत असो. झाडाखाली सतरंजी अंथरायचा अर्थ नंतर, 19व्या शतकात पक्का झाला. म्हणजे आगाशिवच्या डोंगरावरचं आमचं ते टचटचीत दाण्यांचं वनभोजन जुन्या अर्थाने अस्सल पिकनिक होतं, आणि आज शाळा वॉटर पार्कला नेतात, तिथे कूपन दाखवून जेवतात, त्याला पिकनिक म्हणतात. म्हणा, मराठीत आलेल्या शब्दाने आपल्या मर्जीने अर्थ घ्यावा, माझी हरकत नाही. फक्त त्याच्यासाठी वनभोजन हा शब्द खर्ची घालू नका.

‘ट्रिप’ राहिलंच. ट्रिप आमच्याकडेही होतं, पण त्याचा हिशोब वेगळा, ट्रिप ‘मारता’ येते, सहल कुणी मारत नाही. वाळूचा ट्रक दिवसाला चार ट्रिपा मारतो, रिक्षावाला स्टँडच्या ट्रिपा मारतो, तिथे ट्रिप म्हणजे खेप. तोच शब्द कॉलेजात गेल्यावर गोव्याला जातो. शाळेत बाई ‘सहल’ म्हणायच्या, पोरं ‘ट्रिप’ म्हणायची, पत्रकावर ‘शैक्षणिक सहल’ यायचं, एकाच गाडीची ही तीन नावं. हल्ली भूगोलाच्या पुस्तकामुळे ‘क्षेत्रभेट’ आलंय, दहावीच्या पुस्तकात पहिला धडाच त्या नावाचा आहे. शब्द नेमका आहे, प्रश्नावली घेऊन जायचं, नोंदी करायच्या, अहवाल लिहायचा. पण ‘आई, आमची क्षेत्रभेट आहे, पुऱ्या कर’ असं म्हणणारं पोरगं मला अजून भेटलेलं नाही. गोव्यात कोंकणीत ‘भोंवडी’ म्हणतात, भोवताली फिरणं त्यात आलं, फार सुंदर शब्द आहे, आपण उसना घ्यायला हरकत नव्हती.

लिहिण्यापुरतं एक, ‘सहलला’ नको, ‘सहलीला’. पत्रकांत ‘सहलसाठी’ दिसायला लागलंय, तेही ‘सहलीसाठी’ करा. ‘ट्रिपला’ चालतं, कारण परक्या शब्दाला आपण सामान्यरूपाची सक्ती करत नाही, सहल तर कधीच घरची झालीये.

आता तुमच्या निमंत्रणाचं. गाडी ठरवून लांब कुठे जाणार असाल, बघायचं काही असेल, तर सहल लिहा. प्रत्येकजण घरून काहीतरी करून आणणार असेल किंवा तिथे चूल मांडणार असाल तर बिनधास्त वनभोजन लिहा, आणि खाली कुणी काय आणायचं त्याची यादी टाका. फार्महाऊस बुक केलंय, नाश्त्यासकट प्रत्येकी रक्कम भरायचीये आणि दुपारी रेन डान्स आहे असं असेल तर पिकनिक किंवा गेट-टुगेदर, दोन्ही चालेल. तुमच्या मेसेजमध्ये ‘व्हेज-नॉनव्हेज आधी कळवा’ असं दिसतंय, त्यावरून मला वाटतं तुमचं तिसरंच आहे.