दंड कुठला, तो तर कर

एका वाचकाने विचारले आहे: एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या ‘सॅलरी कॅप’ला मराठीत ‘कमाल वेतन’ म्हणावे का? आणि ती ओलांडली की संघाला ‘दंड होतो’, हे लिहिणे बरोबर का?

दोन्ही चूक. ‘कमाल वेतन’ एका खेळाडूचे असते, आणि तेही तिथे १९९९ पासून वेगळे ठरलेले आहे. कॅप असते अख्ख्या संघाच्या पगारांच्या बेरजेवर. तिला ‘संघवेतनमर्यादा’ म्हणा, नाहीतर सरळ ‘सॅलरी कॅप’. ‘पगाराची टोपी’ मात्र नको. मराठीत कोण कोणाला टोपी घालतो ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आता दंड. हा शब्द इतका सैल वापरतात की कानाला टोचतो. मुळात कॅप ओलांडणे हा तिथे गुन्हाच नाही. लॅरी बर्ड या खेळाडूच्या नावाने चालणाऱ्या सवलतीत संघ आपलाच जुना खेळाडू राखायला ती खुशाल ओलांडतात. त्याहून वरची एक रेषा ओलांडली की लक्झरी टॅक्स. तो कर. भरा आणि खेळा. दंड पाहायचा तर २००० साली मिनेसोटा टिंबरवुल्व्ज संघाला झाला तो पाहा. जो स्मिथ नावाच्या खेळाडूने आधी थोड्या पगारावर खेळायचे, पुढे घबाड घ्यायचे, असा गुपचूप लेखी करार सापडला. लीगचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी ३५ लाख डॉलर वसूल केले, करार रद्द केला आणि नवे खेळाडू निवडण्याच्या पहिल्या फेरीतल्या पाच निवडी काढून घेतल्या (त्यातल्या दोन पुढे परत दिल्या, ते सोडा).

दंड म्हणजे आधी काठी. हाताच्या वरच्या भागाला दंड म्हणतात आणि तालमीत दंड काढतात, ते सांगत बसत नाही. खरी मौज कौटिल्याच्या ‘अर्थशास्त्रा’त आहे. तिथे दंड हे लांबीचे मापही आहे, चार हातांचे. आणि दंड ही शिक्षाही आहे, पूर्वसाहस, मध्यमसाहस, उत्तमसाहस अशा चढत्या पायऱ्यांची, पण या जुन्या नाण्यांत मोजलेली. ज्या काठीने मर्यादा मोजायची तिनेच मर्यादा मोडणाऱ्याला हाणायचे! माझ्या मते शिक्षेचा अर्थ इथूनच, मोजणाऱ्याच्या हातातून आला.

यास्काच्या ‘निरुक्त’ या जुन्या व्युत्पत्तिग्रंथात औपमन्यव या आचार्याचे मत दिले आहे: दंड हा शब्द दमनावरून. गौतमाच्या धर्मसूत्रातही तेच, आणि आजही जो तो तेच ठोकून देतो. पण ही अर्थावरून मागाहून बेतलेली व्युत्पत्ती आहे. काठी कोणाचे दमन करण्याआधीही काठीच होती. त्याच निरुक्तात यास्काने आधी ‘दद्’, म्हणजे धरणे, हा धातू दिला आहे. धरली जाते ती काठी. यास्क शहाणा होता.

आता कोणीतरी लुगड्याला घालतात त्या दंडाबद्दल विचारणारच. दोन तुकडे जोडणारी ती शिवण काठीसारखी सरळ असते, म्हणून दंड. तिथे कोणाला शिक्षा नाही. झालीच तर सुईला.