तालमीत एकाला फ्लू झाला की सगळी पोरं आडवी होतात, उपाय काय?

मी बेळगाव तालुक्यातला, गावच्या तालमीची देखभाल बघतो. तुम्ही विचारलंय की रोज मॅट औषधानं पुसली तर पावसाळ्यातली ही साथ थांबेल का. मॅट पुसाच, नायट्यासाठी ते हवंच. पण फ्लू मुख्यतः खोकल्या-शिंकेतून, श्वासातून पसरतो, आणि कुस्तीत एकाचं तोंड दुसऱ्याच्या मानेवर असतं. हौद्यातल्या लाल मातीत हळद, कापूर, लिंबू, ताक घातलंय म्हणून रोग लागत नाही असं जुनी मंडळी म्हणतात. माती कितीही चांगली असली तरी समोरच्याचा श्वास ती अडवणार कशी?

खरी अडचण अशी की आजारी पोरगं तालमीत येतंच. फड जवळ आलेला असतो, वस्ताद ओरडतील ही भीती असते, शिवाय "घाम काढला की ताप उतरतो" हे डोक्यात पक्कं बसलेलं. तापात जोर-बैठका मारल्या तर क्वचित हृदयाच्या स्नायूला सूज येते, आणि ती जिवावर बेतू शकते. म्हणून वस्तादांनीच सगळ्यांसमोर सांगावं: ताप असेल तर घरी थांबायचं, खाडा धरला जाणार नाही. पॅरासिटामॉल न घेता पूर्ण 24 तास ताप नसेल तरच परत यायचं. आल्यावरही थोडे दिवस हलका व्यायाम, लढत नाही, कारण लक्षणं सुरू झाल्यापासून 5 ते 7 दिवस विषाणू पसरू शकतो.

त्यातही गोम आहे. ताप येण्याच्या आदल्या दिवसापासूनच माणूस दुसऱ्याला फ्लू देऊ शकतो, तेव्हा नुसतं घरी बसवून भागत नाही. आपल्याकडे झड लागली की तालमीच्या खिडक्या बंद. वाऱ्याच्या उलट बाजूच्या तरी उघड्या ठेवा. थंडाईचा एकच तांब्या फिरवणं बंद करा, पेला आणि टॉवेल ज्याचा त्याचा.

लस दरवर्षी घ्यावी लागते, विषाणू बदलत राहतो. परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा मे महिन्यातच उरकलेली बरी. पोरांआधी वस्तादांना द्या. साठी ओलांडलेल्यांना, दमा-मधुमेहवाल्यांना फ्लू जड जातो. दम लागला, छातीत दुखलं किंवा उतरलेला ताप पुन्हा चढला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.