नेट नसलं की स्टीम डेक हळू का चालतं?

तुम्ही विचारलंय की घरच्या वाय-फायवर स्टीम डेक (हातात धरून खेळायचं गेमचं यंत्र) झकास चालतं, पण गावी नेट नसताना तेच गेम अडखळतात आणि मेन्यूसुद्धा रखडतो. मग डेक बिघडलंय की काय? बहुतेक नाही. गेल्या मे महिन्यात कोकणात आजोळी गेलो होतो तेव्हा माझीही हीच गत झाली होती. दोन दिवस चिडचिड करून झाल्यावर लक्षात आलं, की यातले बरेच उद्योग माझेच होते.

आधी ‘हळू’ म्हणजे नेमकं काय होतंय ते बघा. मेन्यू रखडणं, गेममध्ये मध्येच गचका बसणं आणि गेम सुरुवातीपासून शेवटपर्यंत संथ चालणं ही तीन वेगळी दुखणी आहेत. मी तिन्हींवर एकच औषध करत बसलो होतो, डेक बंद करून पुन्हा चालू करायचं!

मेन्यूचं सोपं आहे. मामाकडे राउटर चालू होता, पण त्याच्यापुढची लाइन पावसाआधीच्या वादळात गेलेली. म्हणजे डेकवर वाय-फायची खूण दिसतेय आणि पलीकडे नेटच नाही. स्टीम, म्हणजे डेकवरचं गेमचं दुकान आणि संग्रह सांभाळणारं ॲप, बिचारं सर्व्हरला हाका मारतंय: क्लाउडमधलं सेव्ह, मित्रांची यादी, स्टोअर. उत्तर येत नाही, म्हणून प्रत्येक ठिकाणी थोडं थांबून राहतं. अशा वेळी अर्धवट नेटपेक्षा अजिबात नेट नसलेलं बरं. वाय-फाय बंद करा किंवा सरळ ऑफलाइन मोडमध्ये जा. मेन्यू लगेच हलका वाटेल.

गचक्यांचं प्रकरण मोठं आहे, आणि माझा अंदाज आहे की तुमचंही तेच असणार. गेममधला प्रकाश, पाणी, धूर, स्फोट हे पडद्यावर काढण्यासाठी शेडर नावाचे छोटे प्रोग्रॅम लागतात, आणि ते त्या-त्या ग्राफिक्स चिपसाठी आणि तिच्या ड्रायव्हरसाठी तयार करून घ्यावे लागतात. डेकवर लिनक्स असतं, आणि विंडोजसाठी लिहिलेला गेम प्रोटॉन नावाच्या दुभाषी प्रोग्रॅममार्फत चालतो. हे भाषांतर सांभाळून शेडरही बनवायचे म्हणजे प्रोसेसरला चांगलंच काम. पण एका मॉडेलच्या सगळ्या डेकमध्ये चिप तीच असल्यामुळे स्टीमला हे शेडर आयते तयार करून तुमच्याकडे पाठवता येतात. नेट असताना हे गुपचूप होत राहतं, म्हणून आपल्याला त्याचा पत्ताच नसतो. घरात वाटण तयार असलं की कालवण झटपट होतं; पाहुणे पाटावर बसल्यावर नारळ फोडायला घेतला तर वेळ लागणारच. आयते शेडर आलेले नसतील तर गेम ते खेळता-खेळता बनवतो, आणि तेवढा क्षण चित्र अडकतं.

हे ओळखायची माझी पद्धत: ज्या जागी गचका बसला तिथेच परत जा. दुसऱ्या फेरीत तीच गल्ली, तोच स्फोट सुरळीत गेला तर शेडरचंच काम आहे, कारण एकदा बनलेला शेडर साठवून ठेवला जातो. आकड्यात बघायचं असेल तर तीन टिंबांचं बटण दाबा, परफॉर्मन्समध्ये जा आणि ओव्हरलेची (खेळताना पडद्यावर आकडे दाखवणाऱ्या पट्टीची) पातळी वाढवा. सेकंदाला 60 फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला साधारण 16.7 मिलिसेकंद लागतात. या वेळेचा आलेख सपाट चाललाय आणि मधेच एखादा उंच सुळका येतोय, तर तो गचका.

मी काय केलं होतं? निघायच्या आदल्या रात्री सिस्टीम अपडेट मारलं. त्यात ग्राफिक्स ड्रायव्हर बदलला, त्यामुळे जुने शेडर निरुपयोगी झाले आणि नवे डाउनलोडच्या रांगेत आले. पहाटेची गाडी होती. रांगेत शेडरची बारीकसारीक डाउनलोड दिसत होती, ती बिनमहत्त्वाची समजून मी डेक झोपवलं आणि बॅगेत टाकलं. तुम्ही तसं करू नका. एकतर प्रवासाच्या तोंडावर अपडेट घेऊच नका, किंवा घेतलंत तर डाउनलोडची रांग पूर्ण रिकामी होऊ द्या. सेटिंग्जमध्ये शेडर प्री-कॅशिंग (आयते शेडर आधीच उतरवून ठेवणं) बंद केलेलं नाही ना, तेही बघा. जागा वाचवायला बरेच जण ते बंद करतात. मग नेट असतानाच प्रत्येक गेम एकदा उघडून मुख्य मेन्यूपर्यंत न्या. पहिल्यांदा उघडताना लागणारी किरकोळ सामग्री आणि काही गेमची ऑनलाइन पडताळणी तेव्हाच उरकते. आणि प्रोटॉनची आवृत्ती गावी जाऊन बदलू नका, काही गेम त्यावरून पुन्हा पडताळणी मागतात आणि मग ते हळू काय, उघडतच नाहीत.

आता गावी अडकलाच असाल तर? गेम सुरू होताना शेडर तयार होत असल्याचा पडदा आला तर ‘वगळा’ दाबू नका, चहा पिऊन या. बाकी पहिला तासभर गचके सोसायचे. कुणाच्या फोनचं हॉटस्पॉट मिळालं तर फक्त तुम्ही खेळताय त्या गेमचं डाउनलोड रांगेत सगळ्यात वर घ्या.

तिसरं, सतत संथ चालणं. याचा नेटशी काडीचा संबंध नाही, पण प्रवासात नेमकं तेव्हाच होतं. गाडीत बॅटरी पुरावी म्हणून मी टीडीपी मर्यादा, म्हणजे चिपने जास्तीत जास्त किती वीज खायची ती मर्यादा, 7 वॅटवर आणली होती (कमाल 15 आहे). गेमनिहाय प्रोफाइल (प्रत्येक गेमची वेगळी सेटिंग) चालू नव्हतं, त्यामुळे ती मर्यादा सगळ्याच गेमना लागली आणि मी विसरूनही गेलो. जुना टूडी गेम 7 वॅटवर आरामात चालतो, मोठा थ्रीडी गेम धापा टाकतो. शिवाय दुपारच्या उकाड्यात डेक गादीवर ठेवून खेळत होतो. हवा आत घ्यायची जाळी पाठीमागे आहे, ती गादीत बुजली, आणि फार तापलं की डेक वेग कमी करतं. 0 ते 35 अंश तापमानासाठी बनवलेलं यंत्र, आणि आमच्या माळ्यावर मे महिन्यात माणूससुद्धा टिकत नाही.

एवढं करून पाहा. तरीही गचका त्याच जागी दर वेळी येत असेल, तर गेमचं नाव, तो मेमरी कार्डवर आहे की आतल्या ड्राइव्हवर, आणि टीडीपीचा आकडा खाली लिहा. मग शेडर सोडून दुसरीकडे बघू.